डोक्याशी बसणाऱ्या बाया

मीरा, ओंकार,

फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, ऑपरेशनच्या वेळी तुला भीती वाटली का?" तेव्हा मी थकलेली होते आणि उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. आता टाके निघालेत. पिपरी मेघेच्या घरात मी पुन्हा खुर्चीत बसू लागले आहे. लिहिताना हात थरथरतो, आणि ही थरथर वाढतच जाणार हे डॉक्टर म्हणून मला कळतं, म्हणून आत्ताच लिहिते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, पण हे मला इंग्रजीत सांगता येत नाही. सावकाश वाचा.

आजोबा गेल्यापासून माझी पूजा सुटली होती. देवावर रागावले होते असं नाही. दिवा लावायला उठावंसं वाटेना, इतकंच. देव्हारा रोज पुसायचे, कारण धूळ मला सहन होत नाही. हात मात्र जोडले जात नसत. पित्ताशयात पू झाला आणि सर्जन म्हणाले की आता थांबण्यात अर्थ नाही, तेव्हा मी त्यांना सांगितलं की मला ऑपरेशन करायचं नाही. जन्मभर मी लोकांना भूल दिली. सत्तरी ओलांडलेलं, कमजोर हृदयाचं, आखडलेल्या मानेचं माणूस पूर्ण भुलीखाली जातं तेव्हा काय काय बिघडतं, ते मला तोंडपाठ आहे. पण मला भीतीपेक्षा शीणच जास्त होता. शुद्धीवर येऊन परत जायचं ते त्याच रिकाम्या घरात. न उठले तर कोणाचं काय अडणार, असं मनात यायचं. तुमच्या बाबांनी फोन केला आणि ते नुसता फोन धरून राहिले. त्यांचा श्वास ऐकत मी हो म्हणाले.

शोभा तुम्हाला ठाऊक आहे, पवनारहून वांगी-मेथी घेऊन यायची ती. आता दिवसभर माझ्याकडेच असते. माझ्यासाठी ती केळझरच्या गणपतीला जाऊन आली होती. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी औषधाच्या गुंगीत असताना तिने माझ्या तोंडात प्रसादाचा पेढा घातला, आणि मी तो गिळला. भुलीच्या वेळी पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. याच एका गोष्टीवरून मी आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांवर ओरडत आले. मी लगेच नर्सला सांगितलं. ऑपरेशन दुपारवर गेलं आणि शोभाला बोलणी बसली.

"काऊन एवढं बोलून राह्यल्या त्या मले?" ती माझ्या पायाशी येऊन बसली. "एवढुसा तुकडा होता. परसादानं का पोट भरते, बाई?"

"तुझ्या गणपतीला विचार. मोदक खाऊनच त्याचं पोट एवढं झालंय."

"त्याचं ऑपरेशन नाई होऊन राह्यलं," ती म्हणाली.

मला हसू आलं, आणि हसण्याने पोटात कळ आली. कितीतरी महिन्यांनी हसले होते.

सकाळी जे डॉक्टर मला भूल देणार होते, ते दुपारी दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले. त्यांच्या जागी एक अनोळखी मुलगी आली. मी कोण, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. टेबलाच्या डोक्याशी उभी राहून तिने माझी मान हलवून पाहिली आणि खाली आणखी एक उशी सरकवली.

"मान फार मागे जात नाही," मी म्हणाले. "श्वासाची नळी घालताना त्रास होईल."

"दिसतंय. कॅमेऱ्याने बघत घालू. पण तुम्हाला कसं ठाऊक, आजी?"

"हेच काम करायचे मी."

"मग आज सुट्टी घ्या," ती हसून म्हणाली. "आज मी आहे ना."

तिने नाकातोंडावर मास्क धरला. तिची करंगळी माझ्या हनुवटीखाली, जबड्याच्या कडेच्या नाडीवर येऊन टेकली. मग ती खाली वाकून म्हणाली, "आकडे नका मोजू. कोणत्या देवाचं नाव घेता? तेच घेत राहा. मला ऐकू येऊ द्या."

ती करंगळी आणि ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मला हे काम ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही नुसतंच 'बाई' म्हणायचो. त्यांच्याआधी आमच्या भागात कोणा बाईने भूल दिलेली मला ऐकून ठाऊक नाही. त्यांना सर्जन व्हायचं होतं. वाट्याला आलं डोक्याशी ठेवलेलं स्टूल, कारण त्यावर बसायला पुरुष डॉक्टर तयार नसत. त्या कामात नाव नव्हतं. पेशंट शुद्धीवर आला की हात जोडायचा सर्जनला. बाई जाळीच्या मास्कवर थेंब थेंब भुलीचं ईथर सोडत, करंगळीने नाडी पाहत आणि श्वासाला कान लावून बसत. आकडे उलटे मोजायला सांगावं असं पुस्तकात होतं. खेड्यातल्या बाया त्यानं बावरायच्या, परीक्षा असल्यासारख्या. म्हणून बाई म्हणत, "तुझ्या देवाचं नाव घे." नाव अडखळलं की झोप लागली असं समजायचं. आम्हाला त्यांनी ती एक खूण म्हणून शिकवली आणि मीही ती खूण म्हणूनच वापरली.

आता माझी पाळी होती, आणि माझ्या तोंडात नाव नव्हतं. करंगळी तशीच होती, घाई न करणारी. मग नावं आली, पण ती माझी नव्हती. सिंदी मेघेच्या एका बाळंतिणीचा महादेव आला. एका म्हातारीचा अल्ला आला. गोंडाची एक पोर बडादेवाला हाक मारत झोपली होती, ती हाक आली. एकीने, नवरा जिवंत असताना कधी उच्चारलं नव्हतं ते त्याचं नाव घेतलं होतं, तेही आलं. ही सगळी नावं मी खूण म्हणून ऐकली होती आणि सोडून दिली होती, असं मी समजत होते. त्या बायांना माझं नाव ठाऊक नव्हतं, माझा चेहरा निम्मा कापडाखाली होता, तरी त्या माझ्या हातात जीव ठेवून झोपल्या. तसंच आपणही झोपावं असं मला वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कशावर लक्ष ठेवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी मला पाहायला आली. "किती देवांना बोलावलंत हो आजी," ती म्हणाली. "मी मोजणं सोडून दिलं." नाव घ्यायला सांगायला कोणी शिकवलं, असं मी विचारलं. "आमच्याकडे सगळेच सांगतात. सीनियरनी शिकवलं, त्यांना त्यांच्या सीनियरनी." ती शिकली लांब मराठवाड्यात. बाईंचं नाव तिने कधी ऐकलं नव्हतं.

शोभाचं म्हणणं, "त्या पेढ्यानंच तं ते पोरगी आणली." मी तिच्याशी वाद घालत नाही. शीण अजून गेलेला नाही, आणि घरही तेच आहे. संध्याकाळी दिवा लावते. त्या वेळी काही मागत नाही. स्वतःला सोडून देणं ही हार नसते, एवढं मला आता कळलंय. जिच्या हाती सोपवायचं ती कोण, हे आधी ठाऊक असावं लागत नाही.

बाईंचा फोटो कुठल्याच भिंतीवर नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी बहुतेक जणी गेल्या. पेशंटच्या नाडीवर करंगळी ठेवून त्याच्या देवाचं नाव विचारणं मात्र अजून चालू आहे.