चांदभाईंनी विकत घेतलेली डिस्क

धुळ्यातल्या एका बँडमध्ये चांदभाई तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते. २००५ साली मुंबईच्या एका कंपनीने अहिराणी लग्नगीतांची डिस्क काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांना बोलावणं आलं. काचेच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून ते दोन दिवस वाजवून आले. मानधन मिळालं, पण डिस्क कोणी पाठवली नाही. ती बाजारात आल्यावर त्यांनी निर्मलकुमारांच्या दुकानातून दीडशे रुपयांना विकत घेतली आणि भुसावळला लेकीला, नाजमीनला, पाठवून दिली.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "अब्बा, डिस्क लागतच नाही. कॉम्प्युटर म्हणतो, परवानगी नाही. शेजारच्या बायकांना मुद्दाम चहाला बोलावलं होतं मी!"

गाणी ऐकायला तिच्याकडे तेवढा कॉम्प्युटरच होता. टपालात चरा पडला असेल, असं चांदभाईंना वाटलं. रविवारी ते स्वतः जाऊन डिस्क परत घेऊन आले. निर्मलकुमारांनी ती दुकानातल्या प्लेयरमध्ये घातली. पहिलाच सूर स्वच्छ लागला.

"डिस्क चांगली आहे, चांदभाई. कंपनीने कॉम्प्युटरपुरतं कुलूप घातलंय. लोक नकला काढतात ना."

"मग थांबल्या का नकला?"

निर्मलकुमारांनी बाहेर बोट दाखवलं. समोरच्या रिक्षात तेच गाणं मोठ्याने वाजत होतं. चांदभाई रिक्षावाल्यापाशी गेले.

"ही डिस्क कुठं मिळाली?"

"बस स्टँडवर, चाचा. वीस रुपयांत शंभर गाणी. कुठंही लावा, वाजते."

कुलूप चोराला अडवतच नव्हतं. ज्याने दाम मोजला, त्याच्याच लेकीच्या घरी ते लागलं होतं. नक्कल घेणं म्हणजे आपल्याच धंद्याच्या मुळावर येणं, हे त्यांना कळत होतं. तरी ते बस स्टँडकडे वळले.

तिथे घेतलेल्या पांढऱ्या डिस्कवर पेनाने नुसतं 'खान्देश हिट' खरडलेलं होतं. अस्सल डिस्कच्या आतल्या कागदावर मात्र बारीक अक्षरांत छापलं होतं : क्लॅरिनेट – चांदभाई, धुळे. त्यांनी दोन्ही नेऊन नाजमीनला दिल्या. तिने नक्कल लावली आणि तो कागद बायकांमध्ये फिरवला. "हे बघा, माझे अब्बा!" बायका कौतुकाने माना डोलवत होत्या. चांदभाई दारापाशी खाली मान घालून बसले. आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा फोन आला.

"या वेळी कुलूप असेल का?" चांदभाईंनी विचारलं.

"ते आमच्या हातात नाही हो."

"मग ज्यांच्या हातात आहे त्यांना विचारा. तोवर मी येत नाही."

ते काम दुसऱ्या वादकाला गेलं. बायकोने, जैनबने, जेवताना विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय थोडं," ते म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.