इनासच्या नवरीची सीट

त्या आठवड्यात वारा असा पडला होता, की केळीचं पान हलेना. माघाचे दिवस. पहाटे गारठा, पानांवरून दव टपटप गळायचं, आणि ऊन वर आलं की सगळं जागच्या जागी थांबायचं. चुलीचा धूरसुद्धा वर जाईना, बाजूला जाईना, जावयासारखा आळीतच बसून राही. वारा असता तर वास उडून गेला असता आणि माझी लाज राहिली असती. पण नव्हता! आता ऐकाच. मूर्खपणा माझाच आहे, तेव्हा हसायला कुणाची परवानगी नको. फक्त चहाचा घोट आधी गिळा, नाहीतर नाकातून येईल.

तेव्हा मी पंचविशीत होतो. वडिलांची केळीची बाग, थोडी पानवेल. शाळा मी पाहिली ती बाहेरून. पण हात स्वस्थ बसत नसत. बागेचं काम उरकलं की गोखिवऱ्याच्या लोहाराकडे जाऊन भाता ओढायचो. पाच-सहा वर्षं ओढला. त्यानं मला एकच मंत्र दिला, "नारू, घाई करू नको. लोखंड लाल झालं की मगच पुढचं. तोवर नुसतं बघत बस."

बघत बसायचं काम मला जन्मापासून येतं.

आळीत इनास होता, माझा लंगोटीयार. मुंबईत गॅरेजात कामाला. लढाई संपल्यावर लष्कराच्या फटफट्या भंगारात निघाल्या, त्यातली एक त्यानं उचलली. ती आळीतून निघाली की कोंबड्या झाडावर आणि म्हाताऱ्या घरात! तिला मागं सीट नव्हती, होता तो पेट्या बांधायचा लोखंडी सांगाडा. आणि इनासचं लग्न ठरलं. नवरी भारी खमकी. म्हणाली, देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, घरी येईन तर फटफटीवरून. नाहीतर चालत माहेरी जाईन!

इनास माझ्याकडे आला.

"नारू, मागची सीट बनवायचीय. खाली सांगाडा, धरायला दांडा. पण लोखंड नको. जर्मन पाहिजे. चांदीसारखी चमकली पाहिजे."

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. आमच्याकडे तेव्हा सगळे तसंच म्हणत. पातेली जर्मनची, तांब्या जर्मनचा.

"करतो की!"

"येतं तुला?"

"लोखंडाचं येतं. हे तर त्याहून मऊ."

बघा! इथंच मला कुणीतरी विहिरीत ढकलायला हवं होतं.

इनासनं मला मुंबईला नेऊन त्याच्या गॅरेजातल्या मिस्त्रीचं गॅसच्या ज्योतीनं जर्मन जोडायचं काम तीन दिवस दाखवलं. मिस्त्री जवळ येऊ देत नसे, म्हणून मी लांबून बघितलं, आणि तेही मागून. तीन दिवसांत मला त्याची पाठ तेवढी पाठ झाली. मग बैलगाडीतून सामान आलं. गॅसची एक टाकी, रबरी नळ्या, ज्योत निघायची पितळी चोच, काळा चष्मा, सांध्याला लावायच्या पांढऱ्या पुडीचा डबा आणि जर्मनचे दोन पाइप.

"पाइप दोनच आहेत," इनास म्हणाला. "आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसव. लग्न येत्या रविवारी आहे."

डब्यावर इंग्रजीत पुष्कळ काही लिहिलं होतं. मला मराठी वाचता येईना, तिथं इंग्रजीला का दोष द्या?

दुसरा गॅस घरीच करायचा होता. पिंपात पाणी, पाण्यात कार्बाईडचे खडे, तेच ते सायकलच्या दिव्यात घालतात ते. पिंपात बुडबुड बुडबुड, झाकणातून निघालेली नळी, आणि वास? सडक्या लसणाचा! हे सगळं मी मांडलं कुठं? घरामागं, केळींच्या आड, झावळ्यांचा आडोसा करून. उन्हात ज्योत नीट दिसत नाही म्हणून हो! दुसरं काही माझ्या मनातसुद्धा नव्हतं.

आणि सरकारनं दारूबंदी आणून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. तुमच्या ध्यानात आलं ना? माझ्या नाही आलं.

सरावाला जर्मन हवं. ते घरात होतंच, आमच्या मंडळींच्या माहेरचं. सोमवारी चहाचं भांडं घेतलं. त्याचा कान तुटला होता, म्हटलं, जोडूनच देऊ. चष्मा लावला, ज्योत धरली आणि लाल व्हायची वाट बघत बसलो. भांडं पांढरंच. अजून थोडा वेळ. पांढरंच! म्हटलं, जात चिवट दिसते. आणि एकाएकी, न सांगता न सवरता, भांडं खाली बसलं. म्हणजे बसलंच! समोर वाळूत बोराएवढे चार गोळे.

मला वाटलं, पत्रा पातळ असेल. मंगळवारी आमटीचं घेतलं. तेही गेलं. बुधवारी भाताचा टोप.

"अहो, चहाचं भांडं दिसत नाही ते?"

"सरावाला गेलंय."

"आणि आमटीचं?"

"त्याच्या सोबतीला."

"आणि माझ्या आईनं दिलेला टोप?"

मी चष्मा पुसायला घेतला. मंडळी तडक उठल्या. कुंभाराकडून एक मडकं घेऊन आल्या. त्या दिवसापासून भाताला मातीचा वास आणि घरात शांतता.

पुढं सहा महिन्यांनी मिस्त्रीनं मला सांगितलं, "वेड्या, जर्मन कधी लाल होतं का? ते लाजत नाही, एकदम जीवच देतं. पुडीचं पाणी होऊन चकाकलं की समजायचं, हीच वेळ." सहा महिन्यांनी! त्या आठवड्यात माझे डोळे तेवढे रोज लाल व्हायचे. जर्मन सोडून सगळं लाल होत होतं.

इकडे आळीत भलतंच सुरू झालं. लोक एकाएकी माझ्याशी गोड बोलायला लागले. शेजारी हरबाकाका राहायचे, सगळा जन्म मिठागरात गेलेला माणूस. एरवी माझ्याकडे बघत नसत. ते कुंपणावर हात टेकून उभे, नाक वर.

"नारू, वास कसा मस्त सुटलाय रे!"

"सडक्या लसणासारखा येतोय, काका."

"येऊ दे, येऊ दे. सुरवातीला येतोच. आम्ही कोनाला बोलनार नाय."

"बोला की! चोरी थोडीच आहे?"

काकांनी डोळा मारला. "गडी धीट आहे!"

संध्याकाळी ते गुळाची ढेप घेऊन आले. "ठेव, कामाला येईल." दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतला एक जण दोन डझन रिकाम्या बाटल्या ठेवून गेला. आणखी एकानं सुके बोंबील आणले आणि म्हणाला, "पहिल्या दिवशी आम्हाला विसरू नका म्हणजे झालं."

मी मंडळींना म्हणालो, "बघ! लोकांना कारागिराची केवढी कदर आहे!"

"कारागिराला बाटल्या कशाला लागतात?"

"ती पूड ठेवायला."

बोंबील भाजून खाल्ले. गूळ तसाच राहिला. त्याचं काही करायला भांडं कुठं होतं?

शनिवार उजाडला. सराव संपला, म्हणजे पातेली संपली. आता पाइपाला हात घालणार, तोच दारात जमादार उभा, मागं दोन शिपाई. वर्दी कुणी दिली कोण जाणे. बहुतेक ज्याला फार दिवस थांबवेना, त्यानंच.

"भट्टी कुठं आहे?" जमादारानं विचारलं.

"भट्टी लोहाराकडे, साहेब. मी गॅसवर करतो."

"गॅसवर!" जमादार शिपायांकडे बघायला लागला. असली सुधारणा त्यानं ऐकली नव्हती. "चल, दाखव."

तोवर सगळी आळी कुंपणाला चिकटली. हरबाकाका सर्वांत पुढं, तोंड सुतक्यासारखं. शिपायानं पिंपाचं झाकण काढलं. आत पांढरा गाळ.

"चाखून बघ," जमादार म्हणाला.

बिचाऱ्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थू थू करत म्हणाला, "साहेब, चुना आहे."

"कसला चुना?"

"पानाला लावतो तसला. पण घाण."

बाटल्या सापडल्या, त्या कोऱ्या करकरीत कोरड्या. गूळ सापडला, त्याला मुंग्या. जमादारानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"मग तू इथं करतोस तरी काय?"

"जर्मनचं वेल्डिंग. फटफटीची सीट करतोय."

"करून दाखव. नाहीतर चल चौकीवर."

आता आली का पंचाईत? चौकीवर गेलो तर उद्याची सीट गेली. करून दाखवायचं तर घरात चमचासुद्धा शिल्लक नाही. होते ते इनासचे दोन पाइप. तेवढ्यात इनास धावत आला.

"नारू, पाइपाला हात लावू नको! उद्या लग्न आहे माझं!"

"घाबरू नको रे. पातेली पातळ होती. हा पाइप जाड आहे."

मी दोन्ही पाइपांची टोकं जुळवली, पूड लावली, ज्योत धरली. पुडीचं पाणी झालं, सांधा आरशासारखा चकाकला. तीच वेळ होती हो! पण मी लोहाराचा चेला. बसलो बघत.

"झालं का?" जमादार वाकून म्हणाला.

"लाल कुठं झालंय, साहेब?"

"खरंच की. लाल झाल्याशिवाय कसं व्हायचं?"

बघा, सरकारचंही तेच मत पडलं!

"नारू, पुरे आता!" इनास ओरडला.

"घाई करू नको."

आणि पाइप वाकला. आधी वाळवलेल्या केळ्यासारखा, सुकेळीसारखा सुरकुतला, मग मधला सगळा भाग लगदा होऊन खाली गेला. हातात उरले ते दोन थोटके तुकडे. त्यावर बसवायची तर बाहुलीच बसवावी लागली असती. एक गोळा घरंगळत जमादाराच्या बुटाशी येऊन थांबला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. एक कोंबडीसुद्धा आली, बघून गेली.

जमादारानं वही काढली, लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "सदर इसमाच्या घराची झडती घेतली. तेथे काहीही तयार होत नाही."

मला शाळेचा दाखला नाही. जन्मात मिळालेला हा एकच सरकारी दाखला!

पोलीस गेले. आळी पांगली. जाताना खालच्या आळीतल्यानं आपल्या बाटल्या मोजून नेल्या. इनास ओट्यावर डोकं धरून बसला. मला शिव्या देत नव्हता, तेच जास्त लागत होतं. मी त्याच्या शेजारी बसलो.

शेवटी मंडळी आतून आल्या. हातात आमचा जेवायला बसायचा शिसवी पाट, दोन्ही बाजूंना पितळी कड्या.

"हा बांधा," त्या म्हणाल्या. "घरात एवढंच उरलंय, जे यांना वितळवता येणार नाही."

इनासनं पाटाकडे बघितलं, आणि मग तो असा हसायला लागला की त्याला ठसका लागला. आम्ही पाट सांगाड्यावर काथ्यानं आवळला, वर उशी, उशीवर पांढरी चादर.

रविवारी बँड वाजला, नवरी पाटावर बसली, कडी घट्ट धरली आणि फटफटी निघाली. पाट तसूभर हलला नाही! लोक म्हणाले, काय सीट आहे, कुणी बनवली? इनासनं हसत माझ्याकडे बोट दाखवलं. देव त्याचं भलं करो. मी मान खाली घातली ती वर होईना.

शेजारी हरबाकाका उभे होते. पोटभर जेवून, पण कोरडेच. त्यांनी हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नारू, पिऊन पिऊन घरातली भांडी घालवनारे लय बघितले रे. थेंब न पिता घालवनारा तूच पयला!"