पाच निबांची पाभर

मुंबईच्या एका हौशी सिंफनी ऑर्केस्ट्राचं पत्र आलं तेव्हा मी नगरला एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. डबल बास वाजवणाऱ्याची एक जागा रिकामी आहे, ऑडिशनला या, वाद्य इथलंच मिळेल, असं त्यात होतं. खाली तीन सिंफन्यांमधल्या चार उताऱ्यांची यादी, आणि शेवटी एक ओळ : नोटेशन उमेदवाराने स्वतः आणावे.

डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घरातला सगळ्यांत थोरला भाऊ. माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचा. आमच्या चर्चमध्ये कुणा मिशनऱ्याने मागे ठेवलेला एक होता. भिंगारला राहणारे एक मास्तर फौजेच्या बँडमधून निवृत्त झाले होते. त्यांनी मला सहा वर्षं शिकवलं. उपासनेच्या गीतांना मी साथ करायचे. पण खऱ्या ऑर्केस्ट्रात बास काय वाजवतो, ते मी कागदावर कधी पाहिलंच नव्हतं.

मुंबईच्या एका वाद्यांच्या दुकानाला नोटेशनच्या पुस्तकांसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं की ही पुस्तकं परदेशातून मागवावी लागतील, चार महिने लागतील. आणि किंमत वाचून मी पत्र घडी घालून ठेवून दिलं. माझ्या हातात सहा आठवडे होते. मास्तरांकडे गेले. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली.

"माझ्याकडं मार्च हायेत नुस्ते," ते म्हणाले. "परेड करायची असंल तर समदी ट्रंक ने."

तोडगा आईने काढला. आई नर्स होती. श्रीरामपूरच्या पलीकडे एका खेड्यातल्या मिशन दवाखान्यात तिने उमेदवारी केली होती. "तिथल्या जर्मन डॉक्टर सिस्टरच्या खोलीतून रविवारी ग्रामोफोन वाजायचा," ती म्हणाली. "बाजूला छोट्या छोट्या पुस्तकांची रांग असायची. मला वाटायचं प्रार्थनेची पुस्तकं आहेत. पण एकदा उघडं दिसलं तर आत सगळे तुझ्या नोटेशनसारखे ठिपके."

आईने पत्र टाकलं. उत्तर चारच ओळींचं आलं : तिन्ही सिंफन्या आहेत. पुस्तकं माझ्या वडिलांची आहेत, दवाखान्याबाहेर जाणार नाहीत. मुलीला कागद घेऊन पाठव.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी एसटीने निघाले. पिशवीत छापखान्यातून आणलेले कोरे ताव, शाईची दौत, टाक आणि फूटपट्टी. सिस्टर साठीच्या पुढच्या, उंच, मराठी खडखडीत बोलणाऱ्या. त्यांनी पुस्तकं माझ्या हातात ठेवली आणि माझा चेहराच पडला. पुस्तक तळहाताएवढं! सगळी वाद्यं एकाखाली एक छापलेली, आणि अगदी तळाशी, मोहरीएवढ्या अक्षरात, बास.

"डोळ्यात कुसळ गेलं की मी हे वापरते," म्हणत सिस्टरनी एक भिंग दिलं. "पण पेशंट आला की परत द्यायचं."

शनिवारी सकाळी व्हरांड्यात बसून कामाला लागले. नोटेशन लिहायचं तर आधी पाच-पाच समांतर रेघा हव्यात. एका पानावर दहा ओळी, म्हणजे पन्नास रेघा. फूटपट्टी सरकायची, शाई पसरायची. दुपारपर्यंत कशीबशी तीन पानं आखून झाली आणि सूर एकही उतरवला नव्हता. रविवारी संध्याकाळची एसटी गाठायची होती.

समोरच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये टांगलेला एक माणूस मघापासून माझ्याकडे बघत होता. पाथर्डीकडचा सुतार. पाऊस नव्हता, त्यामुळे औतं कुणी करून घेत नव्हतं; खडीच्या कामावर गेला आणि दगड पायावर आला. त्याने हाक मारली.

"ताई, ह्या रेघा कशापायी वडताय?"

मी सांगितलं, ह्या पाच रेघांवर आणि मधल्या जागांत सूर लिहायचे, वरचा सूर वर, खालचा खाली.

"म्हंजी शेतातली तासंच की! तासात बी पडतं, तसं हितं सूर." तो हसला. "मंग येकेक तास हातानं कोन वडतं? पाभर लावा की."

"पाभर पेरणीला असते, कागदावर कसली?"

"टाकाला पुढं ती पितळंची जीभ असती ना, तसल्या पाच आना. आन् लाकडाचा येक ठोकळा. तिफणीला तीन फण, पाभरीला चार. पाच फणांची जन्मात केली न्हाई, पन करू."

निबा गावातल्या दुकानात मिळाल्या. बाभळीचा तुकडा दवाखान्याच्या चुलीजवळून आणला. करवत मात्र प्लास्टर कापायची. ती सिस्टरनी स्वतः आणून दिली आणि कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. सुताराने ठोकळ्याला पाच खाचा पाडल्या, निबा बसवल्या, सुताने आवळल्या. एक डोळा मिटून फण सारखे आहेत का ते पाहिलं. बशीत शाई ओतून ठोकळा बुडवला आणि मांडीवरच्या फळीवर ठेवलेल्या तावावरून एका दमात ओढला. पाच रेघा. सरळ, सारख्या, जणू छापलेल्या.

व्हरांड्यात कुणीतरी "वा!" म्हणालं. सुताराने ताव हातभर लांब धरून पाहिला. "यंदाची पयली पाभर," तो म्हणाला, आणि पुढचा ताव मागितला.

त्यानंतर आमची पेरणीच सुरू झाली. तो रेघा ओढायचा, मी भिंग लावून सूर भरायचे. पेशंट आला की सिस्टर भिंग घेऊन जायच्या, तेवढ्यात मी बोटं मोडून घ्यायचे. त्याच्या सोबतीला राहिलेली बायको ताव वाळत घालायची आणि उडू नयेत म्हणून वर औषधाच्या बाटल्या ठेवायची. रविवारी चारच्या सुमाराला चौथा उतारा संपला. सिस्टरनी पानं चाळली, एका ठिकाणी थांबून बारीक आवाजात ती चाल गुणगुणल्या, आणि मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या.

पुढचे पाच आठवडे मी त्या पानांशी झुंजले. तीन उतारे जमले. चौथ्यात भराभर सुरांची एक धाव अशी होती की डाव्या हाताला उसंतच नाही. मास्तरांनी पान पुढूनमागून पाहिलं.

"हे माणसाच्या बोटांचं काम न्हाई," ते म्हणाले. "पन लिवलंय म्हंजी कुनीतरी वाजवतच असंल. हळू हळू घे."

बोटांची सालं निघाली, पुन्हा आली. शेवटच्या आठवड्यात ती धाव एकदाची सुरात बसली.

मुंबईला समोर तिघे बसले होते. पहिले तीन उतारे झाले. चौथा सुरू केला आणि ती धाव आली तशी तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, चुकलं. पण थांबले नाही, शेवटपर्यंत वाजवलं. मधले पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठून माझ्या कागदापाशी आले.

"हे कुठून आणलंत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, हे बासचं नाहीच. हे चेलोचं आहे. त्या छोट्या पुस्तकात दोघं एकाच ओळीत छापलेले असतात. इथे वेगळे होतात. दांडी वर असलेले सूर चेलोचे, खाली असलेले तुमचे; तुम्ही वरचेच उतरवलेत. तुम्हाला इथे फक्त चार लांब सूर वाजवायचे होते."

माझे कान तापले. पाच आठवडे! ते गृहस्थ मात्र हसत सुटले. ते स्वतः चेलो, म्हणजे बासचा पाठचा भाऊ, वाजवायचे. "हीच धाव माझी दर वेळी अडखळते," ते बाकीच्या दोघांना म्हणाले, "आणि ह्या बाई ती बासवर वाजवून दाखवताहेत."

त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. दहा मिनिटांनी बोलावून जागा दिल्याचं सांगितलं आणि तालमीचे शनिवार लिहून दिले. निघताना चेलोवाल्या गृहस्थांनी कपाटातून बासची छापील पानं काढून माझ्या हातात ठेवली. मोठी, रुंद, एका ओळीत एकच वाद्य. मी तिथेच उभी राहून ते चार लांब सूर शोधले आणि मनातल्या मनात वाजवले. इतके सोपे, आणि इतके सुंदर होते की मला हसू आवरेना.