कॅप्टनची गोळी आणि माझा श्रावण

आमच्या घरात श्रावण आजवर एकदाच मोडला गेला. तो मी मोडला, आणि तोही सत्यनारायणाला सोवळं नेसून.

कारण कॅप्टन. कॅप्टन हा अलिबागजवळच्या एका प्राणी-निवाऱ्यातला म्हातारा कुत्रा. एका डोळ्यात मोतीबिंदू, मागचे पाय वाकलेले, हृदय फुगलेलं आणि खोकला असा, की शेजारी मला विचारायचे, "भाऊ, बरं नाही का?" माझी बायको सुलभा तिथे जुन्या चादरी द्यायला म्हणून गेली आणि त्याला घेऊन आली. (चादरीही परत आणल्या. त्याला लागतात म्हणून!)

निवाऱ्याच्या डॉक्टर मेघनाताईंनी बजावलं होतं, "पंधरवडाभर ठेवून बघा. सकाळची गोळी चुकली तर याच्या छातीत पाणी भरतं. दोन घरांनी परत आणून सोडलाय. तुम्हालाही नाही जमलं तर मी येऊन घेऊन जाईन. पण यापुढे याला कोणी नेईल असं मला वाटत नाही."

"गोळीच ना!" मी छाती फुगवून म्हणालो. जन्मभर ट्रक ड्रायव्हर सांभाळलेला माणूस मी, एका कुत्र्याला काय घाबरणार?

कॅप्टनने गोळी पोळीतून थुंकली, केळ्यातून थुंकली, गुळातून थुंकली. शिऱ्यातून दिली तेव्हा शिरा सगळा खाल्ला आणि गोळी चाटूनपुसून माझ्या चपलेत ठेवली. शेवटी सुलभाने मेघनाताईंना फोन लावला.

"अहो, तो मासळीतूनच घेतो," ताई म्हणाल्या. "पण सुकी नको हं, मीठ त्याला विष आहे. ताजी आणायची, बिनमिठाची उकडायची."

ताजी मासळी! रेवदंड्यात! भर श्रावणात! आईच्या राज्यात श्रावण लागला की मासळीचा तवासुद्धा घराबाहेर जातो. आणि या कायद्याचा आळीतला सर्वात मोठा भोंगा कोण? मी! शेजारून ऑम्लेटचा वास आला तर कुंपणावर उभं राहून भाषण ठोकणारा मीच. आता आईला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

मग रोज सकाळी टोपी भुवयांपर्यंत ओढून मी बंदरावर जायला लागलो. पहिल्याच दिवशी कोळीण गरजली, "काय भाऊ, श्रावण हाय ना तुमचा?"

"हळू बोल गं बाई! कुत्र्यासाठी हवाय बोंबील."

"व्हय, व्हय," पिशवी भरत ती म्हणाली, "श्रावणात समदी कुत्र्यासाठीच न्हेतात!"

मागीलदारच्या चुलीवर मी चोरून बोंबील उकडायचो आणि वास दबावा म्हणून मूठ-मूठ धूप जाळायचो. कॅप्टन गोळीसकट बोंबील गिळायचा, शेपूट हलवायचा आणि माझ्या पायावर डोकं टाकून झोपायचा. त्याचा खोकला कमी झाला. (मला तो आवडायला लागला होता, हे मी सुलभाला सांगितलं नव्हतं.) इकडे घरभर धुपाचा धूर बघून आई गहिवरली. "पोराचं मन देवात लागलं," असं आळीभर सांगून आली आणि त्या आनंदात तिने सत्यनारायण ठरवला. यजमान अर्थातच मी! आणि नेमक्या त्याच दिवशी मेघनाताई निकाल द्यायला यायच्या होत्या.

पूजेच्या सकाळी मी सोवळं नेसून, घाईघाईने, गोळी भरलेला बोंबील घेऊन मागीलदारी वाकलो होतो. कॅप्टन जांभई देत होता. तेवढ्यात मागून आईचा आवाज, "गुरुजी आले रे! हे ताम्हण धर!"

सोवळ्याला खिसा नसतो. आई ताम्हण पुढे करून उभी. मी हातातला बोंबील तोंडात कोंबला.

"काय खातोस रे? उपास हाय ना?"

"तुळस," मी कसाबसा म्हणालो. आईचे डोळे भरून आले आणि माझेही, कारण गोळी कडू होती.

ती गोळी अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी होती, हे मला गणपतीपूजनाच्या वेळी समजलं. गुरुजी म्हणाले, "आचमन करा." मी केलं आणि उठून धावलो. हातपाय धुऊन येऊन बसतो तो गुरुजी देवावर संथ धारेने पाणी घालत होते. ती धार बघवेना! पुन्हा धावलो. कथा सुरू झाली तेव्हा यजमान सोडून सगळे हजर होते. "यजमानांनी मध्येच उठू नये," गुरुजी दारातून ओरडले. मी आतून "हो" म्हणालो.

आरती झाली आणि मेघनाताई आल्या. अंगणात कॅप्टन खोकत होता, धापा टाकत होता. ताईंचा चेहरा पडला. "सकाळची गोळी दिली ना?"

सुलभाने माझ्याकडे बघितलं. आईने बघितलं. अख्ख्या आळीने बघितलं. "दिली" म्हणालो असतो तर माझी अब्रू राहिली असती. पण तेवढ्यात कॅप्टनने मान टाकली.

"गोळी मी खाल्ली!" मी ओरडलो.

"कशी?"

"बोंबलातून."

गुरुजींच्या हातातला प्रसाद तसाच राहिला. आई शांतपणे उठली. "बोंबील उरलाय?"

"नाही."

"मग जा, आन. हाय तसा जा!"

सोवळ्यात, कपाळाला गंध लावून, मी भर बाजारातून बोंबील आणला. आईने तो स्वतः उकडला, त्यात गोळी घातली, अंगणात बसून कॅप्टनला भरवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मुक्या जनावराला कसला श्रावण? मला इचारलं असतंस तर मीच रोज उकडून दिला असता."

कॅप्टनची धाप हळूहळू कमी झाली. मेघनाताईंनी डोळे पुसले. "कॅप्टन इथेच राहील, आजी."

"त्याला राहू दे," आई म्हणाली. "ह्याला न्हेता का?"

मेघनाताईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "वय झालंय, पोट सुटलंय, चोरून खायची सवय आहे... नाही हो आजी, याला कोणी घेणार नाही."

याला मी खणखणीत उत्तर देणार होतो, पण मला पुन्हा धावावं लागलं.