आपांचा तळहात

आपा चित्र आधी झाकायच्या, मग बघायच्या. तळहात आभाळावर आणि शिडांवर. उघडं राहायचं फक्त पाणी. "मॅडम, वर पैसेवाल्यांचे चेहरे ऱ्हातात. आपली माणसं खाली शोधायची."

कंधारच्या आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, मी गणित. समुद्र न पाहिलेल्या वर्गाला त्या दरवर्षी लेपांटोची लढाई दाखवत. तुर्क आणि ख्रिस्ती राज्यांची वल्ह्यांची जहाजं साडेचारशे वर्षांपूर्वी भिडली, आणि चित्रकार तेव्हापासून ती काढतच राहिले. त्या चित्रांच्या छापील प्रती आपांनी पुठ्ठ्यांवर डकवल्या होत्या. त्या क्रमाने लावणं माझं काम.

"आपा, समुंदर आणून राहिलात, अन् नळाला थेंब न्हाई!" शिपाईमामा चिडवायचे.

"तुमच्याकडंच सोडते. बादल्या मांडा."

एका जुन्या चित्रात वर ढगांत येशूची आई, खाली जहाजं खेळण्यांएवढी. दुसऱ्यात गर्दी एवढी, की बुडणारे हात वल्ह्यांमधून शोधावे लागत. अलीकडच्या एका चित्रकाराने माणसं काढलीच नाहीत, लाल-पिवळे रंग नुसते ओघळू दिले. पोरं हसली. आपा म्हणाल्या, "हसू नका. त्याला माणसं काढवली न्हाईत."

मुलगा इरफान मालवाहू जहाजावर लागला तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. "आता आमच्या घरात खरा समुंदर बघणारा हाय!" मुदखेड स्टेशनवर त्याला गाडीत बसवायला मीही गेले होते.

वादळात तो डेकवरून वाहून गेला. सापडला नाही. कंपनीला फोन, अर्ज, दाखले, सगळं मी उरकलं. कबर कुठे करायची, हे मात्र त्यांनी मला विचारलं.

लातूरला बहिणीकडे कायमचं जाण्याआधी त्यांनी शेवटचा तास घेतला. पुठ्ठे मी लावून दिले आणि मागे बसले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आपा, हात ठेवा ना."

आपांनी हात ठेवला. खाली, पाण्यावर. उघडे राहिले ते ढग आणि येशूची आई.

"ही मरियमबी," त्या म्हणाल्या. "हिला वरून दिसत असंल, कुठं हाय त्यो."

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. मी बाकीचे पुठ्ठे क्रमाने आवरले. तो एक त्यांच्या हाताखालून काढला नाही.