म्मे मालिनेओच्या खुब्यातले तीन स्क्रू

आमच्या गावात म्हणतात की म्मे मालिनेओच्या खुब्यात लोखंड आहे, म्हणून डोंगरावर गडगडायला लागलं की तिच्याजवळ उभं राहू नये. वीज तिचा वास काढत येते. तिच्या शेजारच्या घरातली, गावासारखीच तिला म्मे, म्हणजे आई, म्हणणारी मीही दोन पावसाळे तिच्यापासून दहा हात लांब बसले. सगळं खोटं. वीज पडली ती मुखियाच्या मेंढवाड्यावर, आणि मुखियाच्या अंगात साधी टाचणीसुद्धा नव्हती. खुब्यात धातू आहे एवढं मात्र खरं. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, झऱ्याजवळ गोठलेल्या पाण्यावरून तिचा पाय सटकला, हाड मोडलं आणि राजधानीतल्या, मासेरूच्या डॉक्टरांनी ते तीन स्क्रू घालून आवळलं.

विजेला ती कधीच भ्याली नाही. ती भ्यायची पावलांना.

कारण सव्वीस वर्षं ती जीन्सच्या कारखान्यात सुयांच्या खिडकीवर बसलेली. तिथे सुई मोडली की सगळे तुकडे आणून द्यायचे, ते जुळवून वहीत चिकटवायची ती, मगच नवी सुई मिळायची. एक टोक हरवलं तर अख्खी रांग जमिनीवर रांगायची. त्या वहीवरून तिला कळलं होतं की सुई जोराने मोडत नाही. टाक्यागणिक केसभर वाकते आणि एक दिवस दमते.

“सुईचे टाके ठरलेले असतात, पोरी,” ती म्हणायची, “तशी स्क्रूची पावलं.”

म्हणून ती ओठ हलवत, मोजून, दिवसाला सातशेच पावलं टाकायची. सातशे झाली की शेजारच्या घरात लग्न असो की भांडण, ही भिंतीला टेकून घोंगडीत शिरायची आणि उन्हात पेंगायची. पेंगताना म्हणे ती धुक्यावरून चालत दरी ओलांडायची, पलीकडच्या डोंगरावर, पीचच्या मोहरातून, आईच्या दारापर्यंत. तिथली पावलं हिशेबात धरायची नाहीत, असं तिने मला बजावून सांगितलं होतं.

तीन वर्षं अशी गेली. मग तिच्या नातीचं, न्थातिसीचं लग्न ठरलं. लग्नात आमच्या बायका रांगेत गुडघे टेकतात आणि गुडघ्यांवरच वरखाली होत, खांदे हलवत मोखिबो नाचतात. रांगेत पहिली जागा आजीची. न्थातिसीने रुसून विचारलं, की तुझ्या जागी आता कुणाला बसवू, सासूच्या मावशीला? म्हातारीची बोटं घोंगडीवर हलायला लागली. एका गाण्यात किती वेळा वाकावं लागेल, ते ती मनात मोजत असावी.

शेवटी आम्ही दोघी मासेरूला गेलो. डॉक्टर बोलतात असे, की प्रत्येक शब्द आधी दोरीवर वाळत घालतात. त्यांनी हाडांचा फोटो उजेडावर धरला. धुक्यात तीन पांढऱ्या रेघा तरंगत होत्या.

“हाड जुळेपर्यंत... शर्यत असते, म्मे. आधी हाड जुळतं... की आधी स्क्रू दमतो. तुमचं हाड... केव्हाच जिंकलं. आता भार... हाडच उचलतंय.”

“मग हे काय करतायत?”

“झोपलेत.”

म्हातारीने त्या रेघा बोटाने मोजल्या. मग हळूच विचारलं, “काम संपलं तर परत नाही का द्यायचे? तिन्ही?”

असू द्यात, कुणी मागत नाही, असं सांगताना डॉक्टरांची दोरी पहिल्यांदाच तुटली. ते खदखदून हसले. गुडघे टेकायची परवानगीही दिली, बेताने म्हणून.

परतताना टॅक्सीतून उतरलो. घरापर्यंतच्या चढावर मी तिच्या ओठांकडे बघत होते. ते हलत नव्हते.

लग्नाच्या सकाळी मी तिला चिडवलं की पहिलं गाणं संपायच्या आत उठशील. ती म्हणाली, “तू माझ्या शेजारी बस. आधी उठेल तिने माझ्या घराच्या चारही भिंती एकटीने लिंपायच्या, बोटांच्या नक्षीसकट.” मी हसत हो म्हटलं. माझं वय पंधरा.

गाणं सुरू झालं. मागच्या बायका टाळ्यांचा ताल धरून उभ्या. मालिनेओचे डोळे अर्धे मिटले, खांदे पाण्यासारखे हलायला लागले, आणि ती अशी वरखाली होत राहिली जणू कुणी तिला झोपेतच उचलून ठेवतंय. धूळ उठली, त्यात ती कधी दिसे, कधी नाही. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझ्या मांड्या थरथरल्या आणि मी उभी राहिले. तिने डोळेही उघडले नाहीत.

तीन भिंती झाल्यात. चौथीवरची नक्षी वाकडी आलीय, असं ती म्हणते. ती पुसून मला पुन्हा काढायची आहे.