सोपा एडिटर निवडण्याची लाज

नवशिक्याने लिनक्स या संगणकप्रणालीवर कुठला एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, वापरावा, याबद्दल माझं मत ठाम आहे. नॅनो. फाइल उघडली की सरळ टाइप करायला लागायचं. जतन कसं करायचं, बाहेर कसं पडायचं, ते पडद्याच्या तळाशीच लिहिलेलं असतं. विम नावाचा दुसरा एडिटरही चांगलाच आहे, मी स्वतः तोच वापरते. पण अक्षर उमटवण्याआधी वेगळं बटण दाबा असं पहिल्याच दिवशी सांगितलं, की माणूस बिचकतो. इंदिरानगरच्या माझ्या संगणक क्लासातले सहशिक्षक मला चिडवतात, "तुम्ही पोरांना पांगुळगाडा देता." देते. त्यात वाईट काय आहे?

माझ्या धाकट्या भावाची बायको चांदवडची. भावाचं एकलहऱ्याच्या वीज केंद्रातलं कंत्राटी काम सुटलं, तेव्हा ती माझ्याकडे लिनक्स शिकली आणि एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळायला लागली. पण नोकरी अजून पक्की नव्हती. साहेब एक काम देऊन बघणार होते आणि मग ठरवणार होते. घर तिच्याच पगारावर चालणार होतं, त्यामुळे माझाही जीव टांगणीला लागला होता.

त्या दुपारी तिचा दबक्या आवाजात फोन आला.

"ताई, अडकले मी. साहेब चहाला गेलेत. काही टाइप होत नाय, बाहेर पण पडता येत नाय."

काम तसं किरकोळ होतं. रोज ठरावीक वेळी फाइलींची नक्कल काढ, अशी सूचना सर्व्हरला लिहून द्यायची. अशी सूचना पहिल्यांदा लिहायला बसलं की सर्व्हरच विचारतो, एडिटर कुठला हवा? आणि नॅनोच्या पुढे इंग्रजीत चक्क लिहिलेलं असतं, 'सर्वांत सोपा'.

"मग नॅनो का नाही घेतलास?"

"साहेब मागंच उभे होते. त्यांच्यासमोर सर्वांत सोपा कसा घेणार? लय लाज वाटली. विम घेतला."

माझं डोकंच फिरलं. तिच्यावर नाही; अवघड असेल तेच खरं शिक्षण आणि सोपं ते ढ मुलांसाठी, हे आपण शाळेपासून डोक्यात भरतो, त्याचा राग आला. सोप्या रीतीने गणित सोडवलं म्हणून मार्क कापणारे आपणच.

"एस्केप दाब. मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. आलीस बाहेर?"

"आले."

"आता एडिटर बदलून नॅनो घे. पण साहेब परत आल्यावर."

"त्यांच्यासमोर?"

"त्यांच्यासमोरच."

संध्याकाळी ती थेट माझ्या घरी आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "पक्की झाली, ताई."

"एडिटरबद्दल काय म्हणाले साहेब?"

"काहीच नाय. नक्कल निघाली का, तेवढंच बघितलं त्यांनी."

एवढं बोलून ती दारातच रडायला लागली.